सहाशे वॅट

८ जुलै
कुंडलहून दोन एसट्या बदलून पाटणच्या वरच्या अंगाला पोचले. काम सोपं आहे. मनुबाई आजींना ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवायचं, औषधं द्यायची. खिडकीतून भाताची खाचरं दिसतात. आजींनी आधी जेवायलाच बसवलं. म्हणाल्या, लय लांबनं आलीस बाय.

त्यांचा मुलगा वीरधवल फौजेत आहे. सोलरचा डबा, म्हणजे बॅटरी, त्याने फोनवर समजावला. बॅगेएवढा, छपरावर पॅनेल. वीज गेली की मशीन त्याला जोडायचं. मशीन तीनशे वॅट ओढतं, भरलेला डबा सहा तास पुरतो. किती ओढ आहे तो आकडा पडद्यावर दिसतो. मला डबा फार आवडला. माझा मोबाईलही त्यावरच चार्ज केला.

१० जुलै
सकाळी वीज गेली. मशीन डब्यावर घेतलं. आकडा तीनशे. दुपारी दीडला एकदम सहाशे झाला. जोडलेली वायर एकच. वीरधवल म्हणाला, काढून परत लावा. क्षणभर काढली. आकडा शून्यावर यायला हवा होता. तीनशेवर थांबला.

११ जुलै
आजींना विचारलं. शांतपणे म्हणाल्या, "मालकांचं यंत्र हाय ते."

त्यांचे मालक, भाऊसो, गेल्या पावसाळ्यात वारले. दोघांनाही दम्याने धरलं होतं. वीज चार दिवस गेली तेव्हा डब्यात एकाच मशीनला पुरेल एवढी उरली. नळीची पाळी मागत भाऊसोंनी हात पुढे केला होता. "म्या माजी नळी काढली न्हाई, बाय."

 

१२ जुलै
दरड कोसळली. रस्ता बंद, वीज नाही. दिवसभर झड, पॅनेलला ऊन नाही. रॉकेलच्या इंजिनावर गावातून एकदा डबा भरून आणला; तो पुरावा म्हणून मशीन दम लागेल तेव्हाच लावतेय. आकडा सहाशेच.

शेजारच्या खोलीत गेले. भाऊसोंचं मशीन चादरीखाली, वायर गुंडाळलेली. हात लावला. गरम. नळीचं टोक ओलं —

१३ जुलै, सकाळी ९
डब्यात २३ टक्के, गावातलं रॉकेल संपलं. पहाटेपासून आजींना नळी काढवत नाही. सरपंच बाळासो डोली घेऊन माणसं पाठवतोय. दीड तास म्हणाला. या हिशोबाने पाऊण तासही पुरणार नाही.

९.२०
आजींनी नाकातली नळी काढून शेजारच्या रिकाम्या उशीवर ठेवली. "आता त्येंची पाळी." आकडा तीनशेवर आला. उशी मधोमध दबली.

मी नळी उचलायला गेले. उचलेना. पलीकडून कुणीतरी धरलीय —

९.३५
आजींचे ओठ निळे. हात जोडले, आजोबा सोडा म्हटलं. दोन्ही हातांनी ओढलं. माझी बोटं सोलली. आजी मान हलवून नको म्हणतायत —

१०.०५
बांधावर माणसांचा आवाज. आले. पण आजींची छाती हलत नाही. मी दाबून पाहिली, हलत नाही —

१०.१०
डबा शून्य. मशीन बंद. नळी आता सैल पडलीय.

तरी खोलीत श्वास चालूय. भरभरून. उशीपाशी होता — आता माझ्यामागे — मला हवा पुरत नाही, माणसं दाराबाहेर आहेत, दार उघ