सायकलवाले जावई

३१ ऑगस्ट, रविवार
घाटकोपरला सासरवाडीत गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन गणपतीचं कमी आणि राजेशचंच जास्त झालं.

राजेश म्हणजे माझा साडू. सुलक्षणाच्या धाकट्या बहिणीचा, श्वेताचा नवरा. मुलुंडला राहतो. कालपर्यंत बरा माणूस होता. आज त्याने आरती संपल्या संपल्या मोबाईल काढून सगळ्यांना फोटो दाखवला. नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या चढावर वरती सायकल घेऊन उभा. खालपासून वरपर्यंत एकदाही पाय न टेकवता चढला म्हणे.

अण्णा, म्हणजे आमचे सासरे, मिलमध्ये होते तेव्हा रोज सायकलने कामावर जायचे. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, सायकल चालवणारी आणि उरलेली. त्यांनी राजेशच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ह्यो खरो सायकलवालो जावय!"

ती पदवी माझी आहे! मी सायकल घेतली तेव्हा अण्णांनी स्वतःच्या मिलच्या सायकलची पितळी घंटी काढून माझ्या हँडलला लावली होती. तेव्हापासून सायकलवाले जावई म्हणजे श्यामसुंदर सावंत, बोरिवली. कान्हेरी माझ्या घरामागे आहे. शेवटच्या वळणावर मी पाय टेकतो, पण तो दम लागतो म्हणून नाही. तिथे व्ह्यू चांगला आहे.

मी मोदक टाकून उठलो. उकडीचा होता म्हणून परत बसलो. पण तिथेच जाहीर केलं. दसऱ्याला सीमोल्लंघन. मी विरुद्ध राजेश, पार्कच्या गेटपासून कान्हेरी. अण्णा पार्कच्या बसने वर जाऊन बसतील. जो न थांबता आधी पोहोचेल, त्याला अण्णांच्या हातचं पहिलं सोनं. राजेश हसला आणि चालेल की दादा म्हणाला.

हसला! बघतोच आता.

१ सप्टेंबर, सोमवार
ऑफिसमध्ये (मरोळ, परचेस डिपार्टमेंट) पूर्ण दिवस या विषयाचा अभ्यास केला. निष्कर्ष: माझ्यात काहीही दोष नाही. दोष गिअरमध्ये आहे. माझ्या मागच्या चाकावरची कॅसेट, म्हणजे तो दातांच्या चकत्यांचा गठ्ठा, लहान आहे. चकती मोठी तर चढ सोपा. साधं सायन्स आहे.

सुलक्षणाला समजावलं. ती म्हणाली, आधी पोट कमी करा. बायकांना टेक्निकल कळत नाही.

संकल्प: रोज सकाळी उठून कान्हेरीचा चढ. उद्यापासून.

२ सप्टेंबर, मंगळवार
उठलो. पण जुन्या गिअरवर प्रॅक्टिस केली तर पायांना चुकीची सवय लागेल. नवीन पार्ट आल्यावरच सुरू करू.

६ सप्टेंबर, शनिवार
मालाडच्या सायकलच्या दुकानात गेलो. मालक केयूर म्हणून तरुण मुलगा आहे. माझी केस ऐकताच म्हणाला, सर, तुमच्यासारखे नॉलेजवाले कस्टमर कमी. हुशार मुलगा. नवीन कॅसेट घेतली. सर्वांत मोठी चकती जेवणाच्या ताटाएवढी आहे. ती लावायची तर नवीन चेन हवी. नवीन चेन हवी तर नवीन डिरेलर हवा, म्हणजे ते चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारं यंत्र. सगळं घेतलं. राजेश, तुझी वाट लागली.

८ सप्टेंबर, सोमवार
कॅसेट चाकावर बसत नाही. माझा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, जुन्या पद्धतीचा आहे. केयूर म्हणाला, सर, हे लावायचं तर मागचं चाकच नवीन लागेल. चाक नवीन तर पुढचंही नवीन, नाहीतर जोडी विजोड दिसते.

तयारच होतो. पण सुलक्षणा आडवी आली. आजपासून पितृपक्ष, घरात नवीन वस्तू येणार नाही. मी म्हटलं, ही वस्तू नाही, अपग्रेड आहे. माझे बाबा असते तर त्यांनी स्वतः मला चाक घेऊन दिलं असतं. ती म्हणाली, तुमच्या बाबांनी तुम्हाला चपलासुद्धा दोनदा विचारून घेऊन दिल्या.

ऑर्डर दिली. येऊ दे, उघडायचं नाही. उघडलं नाही तर आलंच नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
आज सूड सुरू झाला.

श्वेता आणि राजेश जेवायला आले होते. राजेश बोलता बोलता म्हणाला, चढावर त्याची चेन घसरते, कॅसेट झिजलीय. मी लगेच माळ्यावरून माझी जुनी कॅसेट, चेन आणि डिरेलर काढून त्याच्या हातात ठेवलं. घे बाबा, म्हटलं, मला आता काय उपयोग!

माणूस अक्षरशः खूश झाला. दादा, थँक्यू, एकदम झकास कंडिशन आहे म्हणाला. याला अपमान कळतसुद्धा नाही! थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याने घालावेत, तसे माझे उतरलेले पार्ट हा लावणार. त्याची सायकल बघून मनातल्या मनात हसणार मी. इरावती, माझी मुलगी, म्हणाली, पण बाबा, काकांचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना? कॉलेजात जाऊनही काही गोष्टी कळत नाहीत पोरीला.

१८ सप्टेंबर, गुरुवार
चाकं आली. उघडली. (फक्त बघायला.) ॲक्सल जाड निघाले. माझ्या फ्रेमच्या खाचेत जातच नाहीत. केयूर म्हणाला, सर, चाकं एक नंबर आहेत, फ्रेम जुनाट आहे.

बरोबर आहे. किती वर्षं मी या जुनाट फ्रेमवर बसून लोकांचं ऐकून घेतलं!

जुनी चाकं राजेशला पाठवली. इरावतीच्या हाती निरोप पाठवला, म्हटलं सांग, काकांना ठेवून घ्यायला. त्याने फोन करून पुन्हा थँक्यू म्हटलं. रोज सकाळी मुलुंडहून येऊन चढ मारतो म्हणे. मार बाबा. माझ्याच भंगारावर मार.

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. गच्चीवर कावळ्याला घास ठेवला. अर्धी बोरिवली कावळ्यांनी भरली आहे, पण आमच्या पानाकडे एक फिरकेना. समोरच्या टाकीवर एक बसला होता, माझ्याकडेच बघत. सुलक्षणा हात जोडून म्हणाली, मामंजी, काळजी करू नका, हे आता सायकलवर एक पैसा उडवणार नाहीत.

कावळा त्या क्षणी उतरला आणि वडा घेऊन गेला.

योगायोग.

२३ सप्टेंबर, मंगळवार
फ्रेम घेतली. वचन सुलक्षणाने दिलं होतं, मी नाही. शिवाय फ्रेम म्हणजे सायकलवरचा खर्च नव्हे, फ्रेम म्हणजे सायकलच. ग्रॅव्हलची आहे, डांबर, माती, खडी सगळीकडे चालते. तिला आपलं साधं सरळ हँडल शोभत नाही, म्हणून खाली वळलेलं कार्बनचं हँडलही घेतलं. एका बोटावर उचलता येतं. सुलक्षणाला दाखवलं. तिने बोटावर उचललं आणि परत ठेवलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
माझ्या जुन्या सायकलची आता फक्त फ्रेम आणि हँडल उरलं होतं. राजेश गाडी घेऊन आला आणि तेही घेऊन गेला. फुकटात साम्राज्य मिळाल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. भिकारी कुठला.

तो गेल्यावर सुलक्षणाने विचारलं, हँडलवर अण्णांची घंटी होती ना? होती. पण ती नव्या जाड हँडलला बसत नाही, आणि वजन केवढं! पितळ आहे ते. मी ग्रॅम ग्रॅम वाचवतोय आणि डोक्यावर पितळ घेऊन फिरू? ती म्हणाली, अण्णांनी पाहिलं तर? मोतीबिंदू झाल्यापासून अण्णांना लांबचं काही दिसत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टॉवेल घेऊन आंघोळीला गेलो. सकाळी केली होती.

२८ सप्टेंबर, रविवार
सायकल अजून केयूरकडेच. ब्रेकची नळी या हँडलला आखूड पडते. मी महिनाभर सायकलवर बसलो नाही असं इरावती म्हणाली. चूक. मी मेंटल ट्रेनिंग करतोय. डोळे मिटून पूर्ण चढ चढतो. शेवटच्या वळणावर पायसुद्धा टेकत नाही.

वरती पोहोचल्यावर काय बोलायचं ते ठरवलंय. राजेश धापा टाकत आला की पाण्याची बाटली पुढे करायची आणि म्हणायचं, ये, बस. दम खा. घाई नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. "दम खा"वर थोडं थांबायला हवं.

१ ऑक्टोबर, बुधवार
सायकल आली! पार्किंगमध्ये दोन राउंड मारले. वॉचमन म्हणाला, साहेब, भारी. तिसरा राउंड उद्यासाठी राखून ठेवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. पहाटे
पूजा झाली. सुलक्षणाने हळदकुंकू लावलं आणि हँडलला झेंडूचा हार घातला. सगळं कार्बन झाकलं गेलं! मग घेतलं कशाला ते? ती आत गेल्यावर मी हार सोडून सीटच्या मागे बांधला. तिथेही शोभतो. फोटोत पुढून हँडल, मागून झेंडू.

चला. आज त्याला माती खायला घालतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहितो. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

राजेश गेटवर भेटला. त्याच्याखाली माझी जुनी सायकल होती. पूर्ण. माझी नारिंगी फ्रेम, माझी चाकं, माझी कॅसेट, सगळं. त्याची स्वतःची म्हणायला फक्त सीट आणि पाण्याची बाटली. ते बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला शुभेच्छा दिल्या.

सपाट रस्त्यावर मी पुढे होतो. (श्वेताचं म्हणणं, तो मुद्दाम मागे राहिला. श्वेता त्याचीच बाजू घेणार.) चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझे पाय दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे झाले. तरी थांबलो नाही. शेवटच्या वळणाच्या अलीकडे मागून आवाज आला. ट्रिंग ट्रिंग. अण्णांची घंटी. आणि तो म्हणतो कसा, दादा, उजवीकडून येतो हां, सांभाळून.

सांभाळून! माझं डोकं फिरलं. मी ताटाएवढी चकती लावली, सीटवरून उठलो आणि सगळा राग पायात ओतला. गचके खाऊन झेंडूचा हार सुटला, मागच्या चाकात गेला, चाकाने तो गुंडाळून डिरेलरमध्ये भरला आणि काड्‌कन आवाज झाला. डिरेलर तुटून चेनला लोंबकळत होता, दातादातांत पाकळ्या. मी पाय टेकला. व्ह्यू नेहमीचाच होता.

दोन माकडं उतरली आणि चाकातली फुलं ओढून खाऊ लागली. मी त्यांना हाकललंही नाही. मग सायकल ढकलत वर निघालो.

वर काय झालं ते इरावतीने सांगितलं. अण्णा पायरीवर बसले होते. वळणामागून घंटी ऐकू आली आणि ते ताडकन उठले. हातात आपट्याचं पान धरून मोठ्याने ओरडले, "इले! आमचे श्यामराव इले!" आजूबाजूच्या लोकांनाही सांगू लागले, माझी घंटी आहे, मिलमधली, माझा थोरला जावई वाजवतोय. टाळ्या वाजवायला लावल्या. मग वळणावरून राजेश आला.

 

मी पोहोचलो तेव्हा बाकीच्यांची भजी खाऊन झाली होती. अण्णांनी मलाही सोनं दिलं. मग माझ्या सायकलजवळ आले आणि हँडलवर हात फिरवू लागले. डावीकडे, जिथे घंटी असायची तिथे. पुन्हा एकदा फिरवला. तेवढ्यात राजेश म्हणाला, अण्णा, दादांनी ती माझ्याकडे सांभाळायला दिली होती, नव्या सायकलचं काम चालू होतं ना.

महिनाभर मी याच्या नावाने बोटं मोडतोय आणि हा मलाच वाचवतोय! इतका अपमान माझा आजवर कोणी केला नाही. त्याने तिथेच घंटी सोडवली आणि माझ्या हातात दिली. पॉलिश केली होती त्याने.

मी त्याला पाण्याची बाटली दिली. भाषण आठवलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
डिरेलर केयूरकडे. घंटी नव्या हँडलला बसत नाहीच. केयूर म्हणाला, सर, बसवायची तर हँडल बदलावं लागेल.

राजेशला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारलं, जुनी सायकल विकायची असली तर सांग. तो म्हणाला, विकायची कशाला दादा, तुमचीच आहे, कधीही या आणि चालवा. अण्णांना पुढच्या रविवारी पार्कात न्यायचंय म्हणे, तर मलाही बोलावलंय. अण्णा आणि मी बसने जायचं, तो सायकलने येईल.

घंटी फ्रीजवर ठेवली आहे. चहा झाला की सुलक्षणा वाजवते. मी उठून जातो.