राजानं ट्रक ढकलला

५ डिसेंबर
चंद्रपूरहून कल्पनाबाईंचं पार्सल आलं. कादंबरी पुरस्काराची हस्तलिखितं, लेखकांची नावं काढलेली. निवडणारे तिघंही लिहिणारेच : कल्पनाबाई, वरोऱ्याचे सर आणि मी. निवडलेली छापली जाणार, बाकीच्या परत.
बायको, शैला, म्हणाली, "तांदळातला खडा दिसत नाई तुमाले. कादंबऱ्या कशा निवडसान?"

९ डिसेंबर
तिसरी कादंबरी. नाटक कंपनीचा ट्रक जंगलात बंद पडतो. तिकडे गावात लोक तिकीट काढून बसलेले. राजा मुकुट घालूनच ट्रक ढकलतो आणि पडद्याच्या गठ्ठ्याआड राणी बाळाला पाजत असते. हसता हसता चहा सांडला.
मग लक्षात आलं. हा किस्सा तर नामदेवचा! मूल गावी राहतो, नाटकं लिहितो, माझा जुना मित्र. भेटेल त्याला हा ट्रक ऐकवतो. बाळ तेवढं नवीन घातलं गड्यानं. छान घातलं.
पण आता पंचाईत.

१२ डिसेंबर
मत कळवलं. धरणावरची कादंबरी पहिली, ट्रकवाली खाली. मित्राला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको.
संध्याकाळी प्रार्थनेत डोळे मिटले की राजा ट्रक ढकलतो. देवासमोर हसू आवरणं कठीण.

१८ डिसेंबर
गावात शंकरपट. बैलजोड्या पळवायला, पाहायला सगळी पंचक्रोशी. नामदेवपण आला. भजी खाताना म्हणाला,
"तू परीक्षक हायेस म्हणून यंदा मी कादंबरी दिलीच नाई."
"काऊन?"
"तू मले पाडशील, मालूम नाई का बे? लय सोवळा तू!"
भजं हातातच राहिलं. विचारलं, ट्रकचा किस्सा तुले कोणी सांगितला?
"राणीचं काम करे त्या बाईनं. लेकरू लहान होतं तवा तिचं."
कोणती जोडी जिंकली, पाहिलंच नाही. बाळ नामदेवनं घातलं नव्हतं. इतकी वर्षं सांगताना त्यानं ते गाळलं होतं.

१९ डिसेंबर
कल्पनाबाईंना फोन. सगळं सांगितलं. पलीकडे हसू थांबेना.
"अवो भाऊ, मीबी नामदेवभाऊचीच समजली! तुमी मित्राले वर ठेवसान म्हणून मी खाली ठेवली."
"अन् सर?"
"सरले धरणवालीच पाहिजे. ट्रकवाली म्हणे पोरखेळ आहे. रविवारी चंद्रपूरले या, त्यायच्यासमोर मोठ्यानं वाचू."
तिघांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही, हा आमचा रिवाज. आणि सर हट्टी.

२१ डिसेंबर, रविवार
निघताना देवाला हात जोडले. राणीसाठी मागितलं. लिहिणारी तीच की आणखी कोणी, त्यालाच ठाऊक.
एसटी जंगलात बंद पडली. रस्त्याकडेच्या दगडावर बसून लिहितो आहे. कंडक्टर म्हणाला, "उतरा भाऊ, धक्का मारा लागते." हस्तलिखिताची पिशवी काखेत मारून उतरलो. शेजारची बाई ओरडली, "थे पिशवी ठेवा ना गाडीत!" नाही ठेवली.
कल्पनाबाईंचा फोन. सर येऊन बसलेत, घड्याळ पाहून राह्यले.
म्हटलं, सांगा त्यायले, तिकीट काढलं असन तर बसा. राजा ट्रक ढकलून राह्यला.
गाडी एकदा गुरगुरली, गप्प झाली. कंडक्टर पुन्हा हाक मारतो आहे.