सरळ घरातलं वाकडं टेबल

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आडवा पडूनच लिहितोय, तेव्हा तो शब्दशः साष्टांगच समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? आणि बाबांचा राग?

‘मी भरलेला पाया खचला म्हणणाऱ्यांच्या घरात पाणी पिणार नाही,’ असं म्हणून ते तुझ्याकडे निघून आले खरे. पण ओट्यावरून पडलेलं लिंबू दर वेळी मागच्या कोपऱ्यातच जाऊन थांबत असेल तर आम्ही तरी काय म्हणायचं? बाबांचं म्हणणं, घर जागच्या जागी आहे, गल्लीच वर आली आहे. शेवटी कंत्राटदार आला. त्याने कोपऱ्याबाहेर खड्डा खणला आणि मी मोठ्या ऐटीत पाहणी करायला आत उतरलो. (कंबर तिथेच धरली. मला वर काढायला जेवढी माणसं लागली, तेवढी घर उचलायला लागली नाहीत.) मग भिंतीखाली जॅक लावून त्याने कोपरा हळूहळू उचलला, खाली काँक्रीट भरलं आणि घर सरळ झालं. तुझ्या भावजयीने टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात गिलाव्याचा पोपडा तिच्या डोक्यावर पडला. तरी ती हसतच होती.

आत गेलो तर घर सरळ आणि बाकी सगळं वाकडं! जेवणाच्या टेबलावर ताट हाताने धरून बसावं लागतं. कपाटाचं दार आपणहून उघडून आमचं स्वागत करतं. न्हाणीघराचं दार लागतच नाही, म्हणून आत गेलेल्याने मोठ्याने गात राहायचं असा नियम केलाय. (मी गायला लागलो की शेजारचे खिडक्या लावून घेतात.) टेबल उलटं करून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ताई, खचलं नाही, खचलं नाही म्हणत बाबा एवढी वर्षं गुपचूप करवत चालवत होते! घर जसजसं बसत गेलं तसतसे ते टेबलाचे पाय कापत गेले, कपाटाखाली पाचरी सारत गेले, दारं तिरकी तासत गेले. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो, आणि मग मला एकदम त्यांची फार आठवण आली.

तेव्हा त्यांना सांग, कुठला पाय किती कापलाय हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्यावाचून इथे सगळं अडलंय.

तुझा भाऊ

ता. क. कंत्राटदार म्हणाला, पाया एकदम भक्कम आहे, खालची माती सांडपाण्याने वाहून गेली होती. हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. हवं तर दोनदा.

आणखी ता. क. हे मात्र वाचून दाखवू नकोस. काल सुतार आला होता, सगळं दुपारपर्यंत सरळ करून देतो म्हणाला. त्याला चहा पाजला आणि दारातूनच परत पाठवला.