न कापलेला सीन

भोपाळ, रविवार, संध्याकाळ

चूक माझीच. भाड्याचा व्हीसीआर आणला की पिक्चर आधी कुणीतरी पाहिलेला असला पाहिजे, हा आमच्या ब्लॉकचा नियम. मी छाती ठोकून सांगितलं, टॉकीजमध्ये पाहिलाय, जग संपल्यानंतरची गोष्ट आहे, पोरांना दाखवायला काही हरकत नाही. कॅसेटवर मोठ्या अक्षरांत ‘पूरी फिल्म’ लिहिलं होतं. म्हणजे टॉकीजमध्ये काहीतरी कापलेलं होतं, हे तेव्हा तरी माझ्या डोक्यात यायला नको?

अर्ध्या तासाने टीव्हीवर पांढरा धूर पसरला आणि गल्लीतून पळणारी माणसं पटापट पडायला लागली.

शेजारच्या नसीमभाभी उठल्या. गॅसच्या रात्री त्या जुन्या शहरात राहायच्या, तिथेच त्यांची तीन वर्षांची मुलगी गेली. मला माहीत होतं. माहीत होतं! त्यांनी आमच्या माठात ओढणी बुचकळली आणि माझ्या मंजूच्या नाकातोंडावर घट्ट दाबून धरली. मी तोवर बंद करायचं बटण शोधत होतो.

टीव्ही बंद झाल्यावर त्या भानावर आल्या. "भाईसाहब, आप तो देखकर लाए थे ना?" एवढंच बोलून घरी गेल्या.

त्या रात्री वारा आमच्या टाऊनशिपकडे नव्हता. आम्ही झोपलो होतो. आज तर मी जागा होतो.

ओली ओढणी इथेच राहिलीय. मंजू ती हातातून सोडत नाही आणि सारखी विचारते, "बाबा, चाचींनी माझंच तोंड झाकलं. स्वतःचं का नाही?"