युद्धनौकेवरचं निरांजन

ओजिमा, तोक्यो
नोव्हेंबर २०१६

दाजी, तुमच्या धाकट्या मेव्हण्याचा, नंदकिशोरचा नमस्कार. ताईचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्हींना आता उतार पडला असेल असं धरून चालतो.

आधी हिशेब. तुमच्या क्षितिजला परवा इथे योकोसुकाच्या अमेरिकन नौदल तळावर जे शौर्यपदक मिळालं, त्याची खरी किंमत पडली ती अशी: दोन्ही भुवया आणि डाव्या हाताची कोपरापर्यंतची कातडी. (भुवया परत उगवल्यात. ताईला तेवढंच सांगा.) तुमची बेकरी सोडून तो अमेरिकेला शिकायला गेला आणि तिथल्या नौदलात शिरला, तेव्हापासून तुम्ही त्याचं नाव काढत नाही, पण हे ऐकाच. बंदरात उभ्या असलेल्या त्यांच्या युद्धनौकेत खालच्या मजल्यावर आग लागली. युद्ध नाही, शत्रू नाही, नुसता धूर. क्षितिजने दोघांना ओढून बाहेर काढलं आणि तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेला. हा तिसरा म्हणजे रोज जेवताना त्याच्या इंग्रजीची नक्कल करणारा. हे भाषणात नव्हतं. मागच्या रांगेत दोन खलाशी कुजबुजत होते, आणि माझे कान तुम्हाला माहीत आहेत.

समारंभाला मी आणि सुप्रभा गेलो, दुकान बंद ठेवून. (जपानात भांडी घासायला आलेल्या माणसाला युद्धनौकेवर पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, हेही लक्षात असू द्या.) दारावरच्या शिपायाने आमचा नारळ उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून घेतला. पण दोन हजार अकराच्या भूकंपापासून सुप्रभाच्या पर्समध्ये काडेपेटी कायम असते, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. कप्तानाने पदक लावलं, टाळ्या झाल्या, आणि आमच्या हिने तबक काढून निरांजन पेटवलं. आगीत शिरल्याबद्दल सत्कार, आणि त्याच जहाजावर, दाजी. दोन खलाशी आग विझवायची लाल नळकांडी घेऊन धावले.

क्षितिजने त्यांना हातानेच थांबवलं. म्हणाला, "मामी, ओवाळ लवकर. नाहीतर हे मलाच विझवायला लावतील." मग तो पांढऱ्या गणवेशात ताठ उभा, दोन्ही बाजूंनी नळकांडी निरांजनावर रोखलेली, आणि सुप्रभा घरच्यासारखी सावकाश ओवाळतेय. (जाता जाता तिने उजवीकडच्या खलाशालाही कुंकू लावलं. त्याने लावून घेतलं.) कप्तान शेवटपर्यंत हलला नाही.

मी कप्तानाला तिथल्या तिथे सांगून टाकलं की हे धाडस आईकडून आलंय, आमच्या घराण्यात आगीपाण्याला कोणी भीत नाही. त्याने मान डोलावली.

तुमचा,
नंदकिशोर

ता. क. क्षितिज डिसेंबरात सुट्टीवर कराडला येतोय. घरी उतरू की लॉजवर, असं त्याने मला विचारलं. हे मी कसं सांगणार? तुम्हीच त्याला फोन करा. नंबर ताईने पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. तुम्हाला माहीत नाही, अशी तिची समजूत आहे.

आणखी एक राहिलं. धुरात काही दिसत नव्हतं, तेव्हा प्रत्येक दार उघडण्याआधी त्याने हाताची पालथी बाजू लावून दार तापलंय का ते पाहिलं. म्हणून तिघं सापडले आणि तोही वाचला. हे कोणी शिकवलं, असं कप्तानाने त्याला विचारलं. मी छाती काढून शेजारीच उभा होतो. क्षितिज म्हणाला, "वडिलांनी. गावी आमची पावाची भट्टी आहे."