एका माईकसमोर दोघी

मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय वहिनी,

तुझं पाकीट काल मिळालं. भारदस्त मायने आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी कधी शिकवले नाहीत, तेव्हा सरळ वाकून नमस्कार. गुडघ्यामुळे अर्धाच. 'हे' बरे आहेत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं चालू असतं. दादाचा खोकला थांबला का?

वाचनालयात दर महिन्याला होणाऱ्या मुलांच्या गाण्यासाठी तू केलेलं हँडबिल मी फ्रिजवर लावलंय. सत्तरी ओलांडलीस तरी हात तोच! ड्रमसाठी चहाच्या कपाचा ओला ठसा उमटवलास ना? मी बघताक्षणी ओळखलं. 'ह्यां'ना दाखवलं, तर म्हणाले, "अगं, चहा सांडलाय कागदावर." अशा माणसाशी संसार केला मी!

तुझ्या लग्नानंतरचे दिवस आठवले. दादाचा चौघांचा बँड, शिंप्याच्या दुकानावरची ती तालमीची खोली, आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर कात्री, खळ, जुनी मासिकं. चित्र तुझं, अक्षर माझं. "वन्सं, सिस्टरांनी पट्ट्या मारून वळवलेलं अक्षर तुमचं, वाया कशाला घालवायचं?" म्हणायचीस. झेरॉक्सवाल्याच्या काचेला ओरखडा होता, आठवतं? प्रत्येक प्रतीवर मधोमध उभी काळी रेघ यायची. दादा वैतागला, "दुसरीकडे जाऊ." तू म्हणालीस, "थांबा हो जरा." आणि पुढच्या वेळी बरोबर त्या जागी गिटार काढलीस. रेघ तिची तार झाली! मी तेव्हा एकोणीस वर्षांची. वाटलं, असं डोकं देव एखादीलाच देतो. अजूनही तेच वाटतं.

इतकं कौतुक चाललंय म्हणजे काहीतरी पोटात आहे, हे तू ओळखलं असशीलच.

गेल्या आठवड्यात शिलाई मशीन दुरुस्तीला द्यायचं म्हणून त्याचा खण रिकामा केला. तेच मशीन, जे माझ्याबरोबर सासरी आलं. चिंध्यांच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा. सुतळीची गाठ तुझी.

तुझ्या गाण्याचा तो एकच कार्यक्रम. साऱ्या जगाची हँडबिलं केल्यावर एकदाच स्वतःसाठी केलीस. गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणालीस, "वन्सं, या वेळी अक्षरही माझंच. तुम्ही फक्त कॉलेजच्या फळ्यांवर लावायची." मला ते झोंबलं गं. शाळेच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत गायचे मी. गायला तर कुणी विचारलं नव्हतंच, आता अक्षरही नको झालं! गठ्ठा न उघडता खणात कोंबला. पुढेही कधी उघडला नाही. आधी रागाने, मग लाजेने.

संध्याकाळी तू विचारलंस, "लावलीत?"

"हो."

"नीट बघितलीत ना?"

"हो."

दोन्ही खोटं.

कार्यक्रमाच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून मी पडून राहिले. तू दारात थांबलीस, माझ्याकडे बघत राहिलीस आणि "बरं" म्हणालीस. तेवढंच. नऊ माणसं आली होती, दादा म्हणाला. "माझं हँडबिलच फसलं," असं तू हसून सांगितलंस आणि पुन्हा गायला उभी राहिली नाहीस. दुसऱ्यांची हँडबिलं मात्र करत राहिलीस, आणि अक्षरासाठी मलाच हाक मारत राहिलीस.

परवा गाठ सोडली. चाळीस हँडबिलं, शाई अजून काळीभोर. मधल्या रेघेची तू माईकची दांडी केली आहेस. माईक एकच, समोर दोघी. एक उंच, एक दोन वेण्यांची. खाली तुझं तिरकं अक्षर: 'गाणार वहिनी. सोबत तिची नणंद. तिला हे हँडबिल बघूनच कळेल.'

दोन वेण्या तेव्हा माझ्याच होत्या. म्हणजे इतकी वर्षं तुला वाटत आलं, की मी ते बघितलं आणि तरी आले नाही! आणि तू एका शब्दाने विचारलं नाहीस. वहिनी, तुझं हँडबिल फसलं नव्हतं. ते कुणाच्या नजरेलाच पडलं नाही. माझ्यासुद्धा.

सिस्टर म्हणायच्या, नुसतं सॉरी पुरत नाही, पान पुन्हा लिहून आणा. म्हणून त्या चाळिसांतलं एक सोबत पाठवते आहे. जुन्या तारखेवर पट्टी चिकटवून माझ्या अक्षरात लिहिलंय: 'वाचनालय. मुलांचं गाणं झाल्यावर दहा मिनिटं.' मुलांना विचारून बघ, दोन म्हाताऱ्यांना देतील का. माझा आवाज फाटलाय, पण मला तुझ्या मागून गायचंय, तेवढं निभेल.

दिवसाची जागा कोरी ठेवली आहे. ती तू भर. भरावंसं वाटलं नाही, तर कोरंच परत पाठव; मी समजेन. पण काहीही पाठवलंस तरी या वेळी उघडून बघेन.

तुझी, डोकं अजिबात न दुखणारी,
वन्सं