राखाड्याची पाठ

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची. खोली पागेच्या वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून थेट वाळूचं रिंगण दिसतं. आठ वर्षं फिजिओथेरपी करून माणसांच्या गुडघ्यांना कंटाळले आणि घोड्यांकडे वळले. घोडा निदान व्यायाम न करताच ‘केला’ अशा थापा तरी मारत नाही. मी जाम खूश आहे. मालकीणबाईंनी मात्र पाणीसुद्धा विचारलं नाही. मला पाठमोरं उभं करून न्याहाळलं आणि पाठ कधी दुखते का, एवढंच विचारलं. कधीच नाही, म्हटलं.

४ तारीख
माझा पेशंट राखाड्या. मणक्यांची वरची टोकं एकमेकांवर घासत होती म्हणे, पाच आठवड्यांपूर्वी सर्जननं ती तासून मोकळी केली. जखम भरलीय. आता काम माझं. गाजर दाखवून नाक आधी छातीशी न्यायचं, मग पुढच्या पायांमध्ये, मग बरगडीपाशी. त्यानंतर पोटाखाली बोटांनी हलकं दाबायचं, की पाठ आपोआप वर उचलली जाते. शेवटी जमिनीवर मांडलेल्या दांड्यांवरून चालवायचं. खोगीर इतक्यात नाही.

त्याची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणतात. मामांनी आज माझी गाजरांची टोपलीच लपवली. विचारलं तर म्हणाले, इथे तुमचं काही काम नाही, आलात तशा परत जा. मीही काही कमी नाही. स्वतः जाऊन गाजरं घेऊन आले.

७ तारीख
इथली माणसं खायला उठतात. मी जेवायला बसले की टेबलावरचे दोघे रायडर ताटं उचलून बाहेर जातात. त्यांचं मी काय घोडं मारलंय कोण जाणे.

त्याहून विचित्र म्हणजे राखाड्याचे ठसे. शेजारचा तांबडा घोडा त्याच्याच वजनाचा, पण वाळूत राखाड्याचा खूर दोन बोटं जास्त रुततो. आणि उघड्या पाठीनं नुसता उभा असताना मध्येच त्याची पाठ खचते, तो पाय फाकवून तोल सावरतो. कुणी वर चढून बसलं की घोडा हेच करतो. मालकीणबाईंना सांगितलं. ज्यासाठी बोलावलंय ते करा, म्हणाल्या.

११ तारीख
जमलं. आज पोटाखाली दाबलं तशी पाठ वर आली ती वरच राहिली. राखाड्यानं लांब श्वास सोडला, शेपटीपर्यंत अंग झाडलं आणि एकाही दांडीला खूर न लावता चालत गेला. मला नाचावंसं वाटलं. मामा बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि तोंड झाकून घेतलं. जळतात मेले.

पाठ भरून आलीय, वाकून काम केल्यामुळे असेल. धाकटीला फोन केला. ती म्हणाली, ताई, लहानपणी तू मागे लागून माझ्याकडून पाय दाबून घ्यायचीस, आता पाठही दाबते, शनिवारी येतेच. गुणाची आहे माझी बहीण.

१२ तारीख
जिना चढताना तीनदा बसले. रिंगणात माझ्या चपलांचे ठसे मामांच्या बुटांपेक्षा खोल होते. मामा वजनानं माझ्या दुप्पट आहेत.

दुपारी मामा स्वतःहून बोलले. त्यांच्या थोरल्या भावाच्या पाठीवर ते बसलं होतं. काय, ते त्यांनाही सांगता येत नाही. मामांनी भावाची पाठ चोळली, भाऊ मोकळा झाला, मामा वाकले. अकरा वर्षं वाकलेलेच होते. मग एकदा ते राखाड्याची मान खाजवत होते, आणि घोडे एकमेकांना खाजवतात तसं त्यानं ओठांनी त्यांची पाठ खाजवली. त्या क्षणी मामा ताठ झाले. ज्याच्या स्पर्शानं आराम पडतो, ते त्याच्यावर जाऊन बसतं. सर्जननं हाड कापलं, आराम दिला नाही, म्हणून तो सुटला. मालकीणबाईंना सगळं माहीत होतं. त्यांना घोडा हवा होता.

तुम्हाला हाकलायचा प्रयत्न केला होता, म्हणाले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

१३ तारीख
मालकीणबाईंनी राखाड्यावर खोगीर चढवलं. निदान तीन आठवडे लवकर. मी ओरडले. त्यांनी मान वळवली नाही.

रपेट झाल्यावर तो कुंपणापाशी आला. माझ्या मागे. ओठ माझ्या पाठीला लागणार तेवढ्यात मी वळून त्याच्या नाकावर फटका मारला. त्यानं काढून घेतलं असतं. त्याच्या मनात तेच होतं. पण परत त्याच्यावर — इतकं सोसलेल्या जनावरावर — नाही. मला ते जमणार नाही. तो कान पाडून दूर जाऊन उभा राहिला. मी रडले.

१४ तारीख
बरगड्यांना टाचा लागतात. थांबले की जोरात.

डावीकडे जायचं होतं. उजवीकडे गेले. दोनदा.

धाकटीला सहा फोन केले, येऊ नकोस सांगायला. लागत नाही. तिचा निरोप आला — निघाले, तेलाची बाटली घेतलीय.

१५ तारीख, शनिवार
आली. पालथी पडून लिहितेय. तिला सगळं सांगितलं. ती हसली. ताई, तुला विश्रांती हवीय, म्हणाली.

हात लावू नकोस म्हटलं. तेल ओतत होती. पुन्हा म्हटलं, नको.

टाचा — श्वास घेता येत नाही —

तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. वही वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं, मला बोलता येत होतं.

तिचा अंगठा. मणक्याच्या बाजूनं, खाली, बरोबर तिथेच —

देवा, किती हलकं वाटतंय.

ती थांबली. म्हणते, ताई, जरा हात दे गं, मला उठता येत ना—